एर्गाशअलीच्या टाकीची काच

सोतिवल्दीअकांनी सदऱ्याची बाही काखेपर्यंत वर सारली, हात माशांच्या टाकीत बुडवला आणि ‘आता बास झालं’ असं पुटपुटले. असं ते दर वेळी पुटपुटत. पाणी गार होतं. खांदा हिवाळ्यापासून कुरकुरत होता, आणि मार्गिलानच्या रेशीम गिरणीत उभ्याने जन्म काढलेले गुडघे त्याच्याही कितीतरी आधीपासून.

काच पुन्हा हिरवी झाली होती. चायखान्याच्या पूर्वेच्या खिडकीतून सकाळचं ऊन थेट टाकीवर यायचं, त्यामुळे थोडं शेवाळ धरणारच, त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. पण हे थोडं नव्हतं. आतले मासे मच्छरदाणीतून पाहावेत तसे दिसत होते. त्यांनी बँकेचं जुनं कार्ड काढलं आणि वरून खाली ओढत गेले. शेवाळाच्या सालपटांनी पाणी गढूळ झालं. कोपऱ्यातले टणक ठिपके कार्डाला दाद देत नाहीत, त्यांच्यासाठी लाकडी चिमट्यात अडकवलेलं दाढीचं पातं. तळाकडे मात्र हात जपून न्यावा लागे. वाळूचा एक कण पात्याखाली आला की काचेवर कायमचा ओरखडा पडतो, आणि असे दोन-तीन ओरखडे या टाकीवर होतेच. ते एर्गाशअलीने पाडलेले. त्याला कुठल्याच कामात धीर म्हणून नव्हता.

टाकी दोघांनी मिळून बनवली होती. एका दुकानाची दर्शनी काच फुटली, तिचे बरे तुकडे उचलून आणले, कापले, चिकटवले. चिकटवताना एर्गाशअलीने स्वतःचा अंगठाही चिकटवून घेतला आणि दिवसभर तसाच हिंडला. पुढे एर्गाशअली गेला. चायखाना मुलाकडे, अब्रोरकडे आला. टाकी कुणाकडेच आली नाही, म्हणून ती सोतिवल्दीअकांच्या गळ्यात पडली. पैसे ते घेत नसत. मित्राच्या घरचं काम, त्याचे पैसे कसले?

खरं तर टाकीत कामाला नोकरमाणसं होती. लिंबाएवढ्या पिवळ्या गोगलगायी होत्या आणि तोंडाने काचेला चिकटून बसणारा एक म्हातारा सकर मासा होता. शेवाळ खरवडून खाणं हाच त्यांचा धर्म. पण हल्ली ते धर्मभ्रष्ट झाले होते. गोगलगायी तळाशी लोळत पडायच्या आणि सकर मासा पोट सुटलेल्या जमादारासारखा लाकडाच्या ओंडक्याखाली पेंगत असायचा.

“अमाकी,” मागून अब्रोर आला. बापाच्या या मित्राला तो सख्ख्या चुलत्यासारखं अमाकी म्हणे. “एक बोलायचं होतं. रागावू नका हं.”

“रागवायला दम लागतो बाळा. बोल.”

“तुती पिकली की माझ्या गुलरुहचे होणारे सासरचे येणार आहेत कोकंदहून. भाकर मोडायला, सोयरीक पक्की करायला. इथेच पंगत बसवतोय. पाहुण्यांसमोर हे असं हिरवं डबकं बरं दिसत नाही. तोवर काच स्वच्छ राहिली तर ठीक. नाहीतर काढून टाकू. तिथे टीव्ही लावतो.”

सोतिवल्दीअकांचा हात पाण्यातच राहिला. टीव्ही लावला की या चायखान्यात एर्गाशअलीचं म्हणून काय उरणार होतं? बसायचे पलंग नवे, चहाचा समोवार विजेचा, पडदेसुद्धा सुनेने बदललेले. आणि मनाच्या एका कोपऱ्यात असंही आलं, की बरं होईल, सुटेन एकदाचा. त्या विचाराची त्यांची त्यांनाच लाज वाटली.

घरी त्यांनी बायकोपाशी, ओयदिनपाशी, गाऱ्हाणं मांडलं. ती वाटाण्याच्या शेंगा सोलत होती.

“गोगलगायी काम करत नाहीत म्हणता?” ती म्हणाली. “तुम्हाला मी दिवसभर पुलाव चारला तर तुम्ही तरी कराल का?”

“म्हणजे?”

“म्हणजे काय! चहा झाला की भाकरीचा चुरा कुठे टाकता तुम्ही सगळे म्हातारे? मी डबा द्यायला आले होते तेव्हा पाहिलंय डोळ्यांनी. आधी तुम्हीच ओंजळीने टाकलात आणि मग बाही सारून घासायला बसलात.”

गोष्ट खरी होती. भाकरीचा कण पायाखाली येऊ द्यायचा नाही, केरात टाकायचा नाही, हे आईच्या दुधाबरोबर आलेलं. दस्तरखान, म्हणजे जेवणाखालची चादर, उचलताना जो तो चुरा गोळा करी, कपाळाला लावी आणि टाकीत सोडी. अन्न जिवाच्या मुखी गेलं, पुण्य झालं. नोकरमाणसं भाकरी खाऊन सुस्त, उरलेली भाकर तळाशी कुजते, कुजलेल्यावर शेवाळ माजतं. हे त्यांना कळत नव्हतं असं थोडंच! पण कळणारं डोकं आणि चुरा उचलणारा हात यांची कधी गाठच पडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चायखान्यात विषय काढला. मंडळी नेहमीचीच होती. हमराकुल हे त्यातले सर्वांत वडील आणि सर्वांत तिखट.

“टाकीत भाकर टाकू नका,” सोतिवल्दीअका म्हणाले.

“मग कुठे टाकू? तुझ्या टोपीत?” हमराकुल म्हणाले.

“हमराकुलअका, मासे मरतील हो.”

“भाकरीने? सत्तर वर्षं मी खातोय, मेलो का?”

“तुम्हाला मारायची कुणाची छाती आहे!” कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. सोतिवल्दीअकांना हसू आलं नाही. ते फार दमले होते.

“एर्गाशअलीची टाकी आहे,” ते म्हणाले. “मुलगा काढून टाकतोय. मला आता भांडायला होत नाही. ही वाडगी ठेवतो इथे. चुरा हिच्यात टाका, मी माझ्या कोंबड्यांना नेतो. कोंबडीही जीवच आहे.”

हमराकुलनी वाडगीकडे पाहिलं, मग टाकीकडे. मुठीतला चुरा वाडगीत सोडला. तरी जाता जाता बोललेच, “तुझ्या कोंबड्या आता हजला जातील बघ.”

मग कामाला खरी सुरुवात झाली. पाणी बादल्यांत भरून रात्रभर उघडं ठेवायचं, म्हणजे नळाचा उग्र वास उडतो. रबरी नळी तोंडाने ओढून तळाचा गाळ उपसायचा. एकदा जास्तच ओढलं गेलं आणि कुजक्या भाकरीचं पाणी त्यांच्या घशात गेलं. खिडकीला अर्धा पडदा. बाहेरून काचेवरचे क्षारांचे पांढरे ओघळ व्हिनेगरच्या फडक्याने. साबणाला मात्र जवळ फिरकू द्यायचं नाही. घरी येऊन ते खांद्याला गरम मीठ बांधून पडत, आणि ओयदिन विचारी, “कशासाठी करताय हे सगळं?” त्यांना सांगता येत नसे.

पण खायला फुकट मिळेना तशी नोकरमाणसं उठली. गोगलगायी काचेवर चढल्या. त्यांच्या वाटेमागे स्वच्छ पट्टे उमटू लागले. सकर मासा ओंडक्याखालून बाहेर आला आणि कोपरे धरून बसला. तुती पिकून रस्त्यावर गळू लागली तोवर काच अशी झाली होती की माशी तिच्यावर आपटून खाली पडे. सोतिवल्दीअका समोर बसले. एर्गाशअलीचे ओरखडेही आता लख्ख दिसत होते. कितीतरी दिवसांनी त्यांना बरं वाटलं.

पंगतीच्या दिवशी कोकंदचे पाहुणे आले. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी भाकर मोडली, लग्न ठरलं, पुलाव आला. होणारे व्याही मुहिद्दीन मोठे मोकळ्या मनाचे गृहस्थ. हात पुसत ते टाकीपाशी गेले आणि तिथेच खिळले.

“अरे वा! काच आहे का नाही इथे? मासे हवेत तरंगतात की काय!” त्यांनी बोट लावून पाहिलं. “आमच्या घरी लहानगी आहेत. त्यांनी हे पाहिलं तर जेवणसुद्धा विसरतील.”

सगळे कौतुकाने हसले. सोतिवल्दीअकांनी मात्र अब्रोरकडे पाहिलं. व्याह्याने एखाद्या वस्तूची अशी तोंडभरून तारीफ केली की यजमानाला एकच उत्तर असतं, आणि अब्रोर चांगल्या घरचा मुलगा होता.

“तुमचीच आहे,” अब्रोर म्हणाला. “उद्या गाडीतून पाठवतो.”

“छे, छे! मी उगाच बोलून गेलो.”

“नाही म्हणू नका. पहिलंच मागणं तुमचं.”

“मी मागितलं कुठे हो!” मुहिद्दीन खरोखरच ओशाळले होते. रीतीप्रमाणे त्यांनी तीनदा नाही म्हटलं. रीतीप्रमाणेच चौथ्यांदा त्यांना नाही म्हणता येईना.

अब्रोर वळला. त्याचा चेहरा उतरला होता. टीव्हीचं बोलला होता खरा, पण आपण काय देऊन बसलो हे आता त्यालाही कळलं होतं. “अमाकी,” तो हळूच म्हणाला, “दुआ तुम्ही द्या. तुमच्याशिवाय कुणी देऊ नये.”

सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. एक शब्द बोलले असते तर टाकी राहिली असती, पण मग एर्गाशअलीच्या नातीची सोयरीक पहिल्याच दिवशी आंबली असती. काचेची एक बाजू हिरवी सोडली असती तर! नुसता एक कोपरा. हिरवं डबकं कुणी मागितलं नसतं. आपल्याच या दोन हातांचा त्यांना मनापासून राग आला, आणि तेच हात त्यांनी दुआसाठी छातीसमोर उघडे धरले.

“ज्या घरी जाईल तिथे सुखाने राहो,” ते म्हणाले. मुलीबद्दल म्हणाले की टाकीबद्दल, त्यांनाही ठाऊक नव्हतं. सगळ्यांनी आमीन म्हणून तोंडावरून हात फिरवले. हमराकुलनी त्यांचा गुडघा दाबला आणि दाबूनच ठेवला.

चहाच्या वेळी मुहिद्दीन प्याला घेऊन त्यांच्या शेजारी येऊन बसले. “अका, काच अशी ठेवायची कशी? आम्हाला काहीच येत नाही. अडलं तर तुम्हाला बोलावू का?”

या एका प्रश्नात बरंच काही होतं. थोडं सांगितलं, थोडं राखलं, तर महिन्यातून एकदा कोकंदची गाडी दाराशी येईल. टाकी दिसेल, हात पाण्यात जाईल. सोतिवल्दीअकांनी प्याला खाली ठेवला. आपण सांगायचं राखून ठेवलं तर ते मासे भोगतील, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी कार्डापासून सुरुवात केली. पातं कसं धरायचं, वाळूपासून किती वर थांबायचं, पाणी रात्रभर उघडं कसं ठेवायचं, गोगलगाय उलटी पडली तर सरळ करायची, साबण नाही, जास्त खाणं नाही. व्याही मन लावून ऐकत होते, मधेमधे पुन्हा विचारत होते. सोतिवल्दीअकांनी काहीच राखलं नाही. सगळं सांगून झालं तेव्हा मुहिद्दीन समाधानाने म्हणाले, “मग काय, जमेल आम्हाला. तुम्हाला आता त्रास नको.”

“जमेल,” सोतिवल्दीअका म्हणाले, आणि गुंडाळलेली बाही खाली सोडून त्यांनी मनगटाचं बटण लावलं.