आधी कबुलीचं गीत

अक्कांचा फोन आला तेव्हा मी जळगावला लेकीकडे होते. शनिवारची दुपार. या वेळेला भुसावळहून फोन म्हणजे उद्याच्या गीतांबद्दलच असणार, असं समजून मी घाईने उचलला. "नाना गयात वं पोरी," एवढंच अक्का म्हणाल्या. जेवण झालं, हात धुतले आणि खुर्चीत बसल्या बसल्या गेले. आणि मी काय बोलावं? खुळ्यासारखं म्हणाले, "मग उद्याची गीतं?" त्या बाईचा पन्नास वर्षांचा सोबती नुकताच गेला होता आणि मला गीतं सुचत होती. अक्का रागावल्या नाहीत. नानांच्या घरात गीतांचा विषय कधीच अवेळी नसायचा.

आमच्या छोट्याशा चर्चमध्ये रविवारच्या भक्तीची गीतं नाना निवडायचे, पेटीही तेच वाजवायचे. धुळ्याकडच्या खेड्यातून आले, सगळी नोकरी रेल्वेच्या लोको शेडमध्ये केली, पण बोली गावाकडचीच राहिली. शनिवारी सकाळी सायकलवर टांग टाकून मंडळीतल्या घरांवरून चक्कर मारायचे. कोणाकडे आजारपण, कोणाकडे अबोला, कोणाच्या पोरीचं लग्न ठरलं, हे सगळं बघून दुपारी गीतांचे पुस्तकातले आकडे चिठ्ठीवर लिहायचे. मी शिक्षिका, अक्षर बरं, म्हणून मंडळीला दिसतील असे चर्चमधल्या फळ्यावर आकडे लावायचं काम माझ्याकडे आलं. मी आधी गीतपुस्तक उघडून बसले की हसायचे. "पोरी, पुस्तक नंतर उघड. आधी मानसे देख." पापकबुलीचं गीत आधी आणि उपकारस्तुतीचं नंतर, यावर ते अडून असायचे. सणाच्या दिवशी तरी आनंदाने सुरुवात करू, असं पाळकसाहेबांनी एकदा सुचवलं, तर म्हणाले, "हात धोयाबिगर कोनी जेवाले बसस का?" आणि कबुलीचं गीत शेजाऱ्याकडे बघून निवडायचं नाही, स्वतःकडे बघून निवडायचं, हेही त्यांचंच.

मागच्या वर्षी चर्चमध्ये नवी गीतपुस्तकं आली आणि सगळे आकडे बदलले. नानांना जुने आकडे तोंडपाठ. ते जुना आकडा लिहीत आणि मी वहीतला तक्ता बघून नवा लावत असे. कापणीचा सण आला. वेदीपुढे केळीचे घड, भरिताची वांगी, कापसाची बोंडं... मी मांडामांडीत गुंतले होते. त्या दिवशी नानांनी, मला त्रास नको म्हणून, स्वतःच चष्मा लावून नव्या पुस्तकातला आकडा शोधून लिहिला होता. तसं चिठ्ठीवर लिहिलंही होतं, "नवा". मी वाचलंच नाही. सवयीने तक्ता बघितला आणि नव्याचाही नवा करून फळ्यावर लावला. नानांनी उपकारस्तुतीची चाल धरली, आणि मंडळीने पान उघडलं तर दफनाच्या वेळचं गीत! काही भाबड्या लोकांनी दोन ओळी त्या आनंदाच्या चालीवर म्हटल्यासुद्धा. मागच्या बाकांवर हशा पिकला. पाहुणे आलेले होते. शेवटी गीत तिथेच सोडून पुढे जावं लागलं.

नंतर कमिटी बसली. "नाना, आकडा तुम्हीच दिला होता ना?" असं विचारलं गेलं. चिठ्ठी माझ्या पर्समध्ये होती. नानांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "माझाच. आते नजर पहिलेसारखी राहिली नही." मी मिठाची गुळणी धरून बसले. नानांचं आता वय झालं, असं गोड बोलून कमिटीने गीतांचं काम त्यांच्याकडून काढलं आणि कोणाला द्यावं? मला. पेटीसकट.

दहा महिने मी गीतं निवडली. कबुलीची गीतं निवडताना अशी काही बेतायची, की कोणालाच टोचू नयेत. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! शनिवारी सांगून टाकायचं ठरवूनच नानांकडे जायची. ते चहा पाजायचे, शाळेची चौकशी करायचे, आणि गीतांचं विचारलं की म्हणायचे, "आते तूच निवड." त्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. चहा पिऊन मी परत यायची. अजून वाटतं, एक शनिवार मिळावा. अर्धा मिळाला तरी चालेल.

ते गेल्यावर चौथ्या रविवारी पुन्हा कापणीचा सण आला. त्या शनिवारी मी सगळं पुस्तक चाळलं आणि जे गीत इतके महिने टाळत होते, "मी केले, मीच लपवले" या अर्थाचं, त्याचा आकडा लिहिला. रविवारी ते सुरू करण्याआधी उभी राहिले आणि मंडळीला सांगितलं, मागच्या वर्षीचा आकडा नानांनी बरोबर दिला होता, चूक माझी होती आणि तोंडही मीच मिटलं होतं. सांगताना अक्कांकडे बघायचा धीर झाला नाही. मग गीत म्हटलं गेलं. ते बाकीच्यांनीच ओढून नेलं.

कबुलीचं गीत संपलं की नाना पेटीवरचे हात मांडीवर घ्यायचे आणि थोडा वेळ गप्प बसायचे. कोणी ठरवलेलं नव्हतं, पण सगळी मंडळीही तशीच बसायची. त्या दिवशीही बसली. पुढे उपकारस्तुतीचं गीत होतं, सूर मला द्यायचा होता आणि माझे हात मांडीवरच राहिले. इतक्यात बायकांच्या बाकांवरून अक्कांनी एकट्यानेच गीत सुरू केलं. सूर बायकांच्या मानाने फार खालचा, नानांच्या पट्टीतला. पन्नास वर्षं शेजारी बसून त्यांना दुसरी पट्टी माहीतच नव्हती. मंडळीने तोच सूर उचलला... मी पेटीवर तो चाचपडत शोधला आणि त्यांच्या मागून वाजवू लागले.