गायकवाडांना काहीच त्रास नव्हता

त्या महिन्यात आमच्या ओपीडीत सर्वांत चांगला स्कोअर गायकवाडांचा आला, आणि सर्वांत वाईट जखमही त्यांचीच होती. मी बेरीज पुन्हा करून पाहिली. ती बरोबर होती.

मी सर्जन आहे. पुण्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये पायाच्या जुनाट जखमा बघते. उभ्यानं नोकरी केलेल्यांच्या पायातल्या शिरा कधी कधी फुगतात, रक्त वर चढेनासं होतं, घोट्याजवळची कातडी फाटते आणि वर्षानुवर्षं भरत नाही. गायकवाड सिटी बसचे रिटायर्ड कंडक्टर, बिबवेवाडीचे. उभे तर ते जन्मभरच होते.

जखम मोजायला पट्टी पुरते. तिच्यासह माणूस कसा जगतोय, हे मोजायला आम्ही एक प्रश्नावली वापरत होतो. तिला क्वालिटी ऑफ लाइफ म्हणायचं. त्रास कमी, तितका स्कोअर चांगला.

"लोकांत जायला अडचण येते?"

"अजिबात नाही."

"घरच्यांबरोबर बसाय-उठायला?"

"नाही हो मॅडम. झकास चाललंय."

आमच्या हेडनी स्कोअर पाहिला. "यांना दर आठवड्याला कशाला बोलावता? महिन्यातून एकदा पुरे. ड्रेसिंगची टेबलं दोन आणि पेशंट उदंड."

"सर, जखम अजून उघडी आहे."

"पण माणूस मजेत आहे. तुमचाच कागद म्हणतोय."

मी पुढच्या महिन्याची तारीख दिली आणि गायकवाड बाहेर बाकावर जाऊन बसले.

उघड्या दारातून मला ते दिसत होते. कुणाला तरी भेटायला आलेला एक चाळिशीचा माणूस त्यांना पाहून थबकला. "मास्तर, ओळखलंत का? तुमच्या हाताखाली कंडक्टरकी शिकलो," म्हणत तो वाकला. गायकवाडांनी दोन्ही पाय असे काही बाकाखाली ओढले, की जखमेचा पाय लोखंडी दांडीवर आपटला. "राहू दे, राहू दे. पोचला नमस्कार," ते म्हणाले. बँडेजवर लाल डाग पसरत होता.

मी त्यांना परत आत घेतलं. बँडेज सोडता सोडता विचारलं, "तुम्ही कुणाला पाया पडू देत नाही का?"

"नाही."

"का?"

"वास येतो मॅडम. वाकलं की माणसाचं तोंड पायापाशीच येतं ना."

"मग लोकांत जायला अडचण नाही, असं कसं सांगितलंत?"

"जातच नाही. अडचण कुठनं येणार?"

मी सोडलेलं बँडेज खाली ठेवलं. काय काय सोडलंत, एवढंच विचारलं. मग ते सांगत गेले. जेवण गॅलरीत. झोपणंही तिथेच. पाहुणे आले की गच्चीवर. "आणि पुढच्या महिन्यात स्नेहाचं लग्न आहे. थोरली मुलगी. कन्यादान माझा धाकटा भाऊ करेल. घरी कुणीतरी लागतंच की."

हे सगळं ते बसचे थांबे सांगावेत तसं सांगत होते. मला राग आला. कुणाचा, ते ठरवता येईना.

मी हेडकडे गेले. "सर, गायकवाडांना आठवड्यातून दोनदा बोलावतेय."

"स्कोअर?"

"स्कोअर चांगलाच आहे. मुलीच्या लग्नाला जाणार नाहीयेत."

"हे डेटामध्ये धरता येणार नाही," ते म्हणाले. मग, "सकाळचं पहिलं टेबल घ्या."

वास जखमेतल्या काही जंतूंमुळे येतो. त्यावर औषधाची पूड टाकली, वरून कोळशाचा थर असलेलं ड्रेसिंग लावलं आणि पावलापासून गुडघ्यापर्यंत घट्ट बँडेज बांधलं. या बँडेजच्या दाबानं रक्त वर सरकतं. लग्नापर्यंत जखम भरली नाही. वास मात्र गेला. तरी गायकवाडांचा विश्वास बसेना, तेव्हा आमच्या सिस्टर त्यांच्या पायाशी नाक नेऊन म्हणाल्या, "फिनेलचा वास येतोय काका, तोही फरशीचा."

लग्नाचे फोटो स्नेहानं स्वतः आणून दाखवले. चौरंगावर बसलेले गायकवाड, सोवळ्याखाली पांढरं बँडेज, समोर वाकलेले मुलगी आणि जावई. पाय जागच्या जागी होते.

नंतर प्रश्नावली पुन्हा भरली. स्कोअर धाडकन घसरला.

"काय हो," हेड म्हणाले, "चांगल्या माणसाला बिघडवलंत?"

मी गायकवाडांकडे पाहिलं. त्यांची यादी तयार होती. चप्पल घट्ट होते. व्याह्यांकडे दोन जिने चढावे लागले, पाय ठणकला. रात्री उशिरापर्यंत नातेवाईक गप्पा मारत बसतात, झोप होत नाही.

"गॅलरीत होतो तेव्हा यातलं काही नव्हतं बघा," ते हेडना म्हणाले.

हेडनी कागद माझ्याकडे सरकवला आणि पुढची तारीख स्वतःच्या हातानं लिहिली. आठवड्याचीच.

आता कुणी "काही त्रास नाही" म्हणालं, की मी आणखी एक प्रश्न विचारते. काय काय सोडलंत? त्याला मार्क नाहीत.