बंद डब्याचा आवाज

अख्ख्या वर्धा जिल्ह्यात बंद डबा कानाशी हलवून आत काय आहे ते सांगणारी माझ्या आत्यासारखी दुसरी बाई नाही. असेलच तर तिनं खुशाल सिंदी मेघेला यावं आणि आत्यासमोर बसून दाखवावं. आमच्याकडे भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत मुली मातीची भुलाबाई मांडतात, संध्याकाळी घरोघरी गाणी म्हणतात, आणि गाणी संपली की घरची बाई झाकण लावलेला डबा पुढे करते. तो हलवायचा, आवाज ऐकायचा आणि आतला खाऊ ओळखायचा. नाही ओळखता आला तर 'हरली' म्हणायचं, मग झाकण उघडतं. आत्यानं हा शब्द कधी उच्चारल्याचं कुणाला आठवत नव्हतं. फुटाणे कुणीही ओळखेल. आत्या ते खारे की अळणी तेसुद्धा सांगायची. एकदा माझ्या आईनं तिची जिरवायचीच म्हणून डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळून पेरूची फोड ठेवली. आत्यानं डबा हलवला, डोळे मिटले आणि म्हणाली, "वहिनी, फडकं काऊन ओलं केलं वं? पेरू पचपचीत होते ना त्याच्यानं." त्यानंतर आईनं तिच्यापुढे डबा धरणं सोडून दिलं.

साठी उलटली तरी आत्याची भुलाबाई सुटली नाही. कॉलनीतल्या पोरी ट्यूशनला जाऊ लागल्या, गाणी म्हणायला कुणी येईना, तेव्हा हिनं उलटाच मार्ग धरला. बसमध्ये बसून केळझर, सेलू, पुलगाव आणि मधली कुठली कुठली खेडी गाठायची, गावातली सगळ्यात म्हातारी बाई शोधायची, तिच्या ओसरीवर ठाण मांडायचं आणि तिच्याकडून गाणी म्हणवून घेऊन मोबाइलमध्ये भरायची. "लिहून का घेत नाहीस?" असं मी विचारलं होतं. "कागदावर चाल कुठं राह्यते वं?" एवढंच म्हणाली. घरी आली की गाणी कॉम्प्युटरमध्ये टाकायची आणि मोबाइलमधली पुसायची, कारण तिच्या मते मोबाइलला ओझं होतं. फोल्डरांना बायकांची नावं नाहीत, गावांची तर नाहीतच. त्या दिवशी त्या म्हातारीनं जो खाऊ हातावर ठेवला, त्याचं नाव. तिच्या कॉम्प्युटरवर चिवडा आहे, कापण्या आहेत, खोबऱ्याची वडी आहे. चुकून कुणी पाहिलं तर त्याला वाटावं, बाईंचा फराळाचा धंदा आहे. पण कुठलंही नाव उच्चारा, आत्या त्या म्हातारीचा आवाज, तिचं कुंकू आणि तिच्या सुनेचा स्वभाव घडाघडा सांगते. या बाबतीत मला तिचा जो अभिमान आहे तो मी लपवत नाही.

हा कॉम्प्युटर म्हणजे मामाजींच्या, म्हणजे आत्याच्या यजमानांच्या, कापडदुकानातला. दुकानात नवा आला आणि हा घरी येऊन बसला. आत्या त्याला सासऱ्याच्या मानानं वागवायची. दुपारी त्याला झोप हवी म्हणून अंगावर दुपट्टा घालायची. गेल्या हिवाळ्यात तो फारच मंदावला. सकाळी बटण दाबून ही कुकर लावायची, भाजी फोडणीला टाकायची, मग पडदा उजळायचा. मामाजी कुरकुरले की म्हणायची, "म्हातारं माणूस काय टुणकन उठते? उठून राह्यला ना बिचारा." एका सकाळी मला फोन आला. मी वर्ध्यात एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, त्यामुळे घराण्यातलं प्रत्येक बिघडलेलं यंत्र माझ्या पदरी येतं. "आयक," आत्या म्हणाली, "आधी याच्या पोटात मुरमुरे वाजत. आता सुपारी वाजून राह्यली. लवकर येजो." मला हसू फुटलं, पण फोन ठेवल्यावर ते गेलं. खरखर होती आणि आता टकटक आहे, असाच त्याचा अर्थ होता. आणि त्या गाण्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

पोचले तेव्हा आत्या कॉम्प्युटरपाशी आजाऱ्याच्या उशाशी बसावं तशी बसली होती. मी आधी साधीसुधी कारणं बघितली. पंख्यात धूळ होती, ती काढली. नको ते प्रोग्राम बंद केले. व्हायरस नव्हता. पण फाइल उघडायला गेलं की सगळं गोठायचं आणि आतून यायचं टक, जरा थांबून पुन्हा टक. हार्ड डिस्कची तब्येत तपासली तर लाल अक्षरं. "आत्या, डिस्क चालली ही. पण इतक्या लवकर का जावी? पडला होता का हा?"

"पडला कायचा!" मामाजी झोपाळ्यावरून म्हणाले. "तुयी आत्या रोज कान लावून हलवते त्याले."

मी आत्याकडे पाहिलं. तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. "मंग? आत काय झालं थे हलवल्याशिवाय कसं समजन?"

"निदान बंद करून तरी हलवायचीस ना?"

"बंद असल्यावर आवाज कुठून येईन वं?"

मी कपाळाला हात लावला. चालू डिस्कच्या आत तबकडी गरगर फिरत असते आणि तिच्या अगदी जवळून एक बारीक काटा फिरतो. हलवलं की तो काटा तबकडीवर घासतो, आणि घासला तिथली गाणी गेली. हे मी तिला समजावलं. ती पदरानं कॉम्प्युटर पुसत हळूच म्हणाली, "म्हंजे म्याच खाल्ले काय थ्या बायांचे गाणे?" तिचा तो चेहरा बघून मला माझं शहाणपण नको झालं.

दुरुस्तीच्या भानगडीत पडायचं नाही, आधी कॉपी करायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. मी बाहेरची डिस्क जोडली आणि एकेक फोल्डर काढू लागले. आत्या जवळ बसून, जणू बाळंतिणीला धीर देत, पुटपुटत होती, "हो बापा, येऊ दे, येऊ दे." चिवडा आला. कापण्या आल्या. खोबऱ्याची वडी अडखळत आली, तेव्हा मामाजीही झोपाळा थांबवून उभे राहिले. राहता राहिलं एक, 'सीताफळ'. केळझरच्या म्हातारीचं. आत्याला ती सगळ्यांत लाडकी, आणि त्याच वर्षी पोळ्याच्या सुमारास ती वारली होती. ते फोल्डर काही केल्या येईना. डिस्क थंड होऊ दिली, पुन्हा लावली, केबल बदलली. मग ती टकटकसुद्धा थांबली. मी डिस्क बाहेर काढून आत्याच्या हातात दिली.

"आता हलवू काय?" तिनं मला विचारलं. जन्मात पहिल्यांदा ती डबा हलवायची परवानगी मागत होती. मी मान डोलावली. तिनं डिस्क कानाशी नेली, अलगद हलवली, डोळे मिटले. पुन्हा एकदा हलवली. "हरली वं माय," ती म्हणाली.

अशा डिस्का उघडणारे लोक मोठ्या शहरांत असतात. मी पुढे पाठवूनही पाहिली. जशी गेली तशी परत आली. पण त्या दुपारी मला ते सुचलंही नाही. आत्या रडते आहे हे मला बघवेना, म्हणून मी मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून तो तिच्यासमोर धरला आणि म्हटलं, "केळझरचं ते गाणं तूच म्हण ना." ती दचकली. आत्याचा कान एवढा तयार, पण गळा मात्र देवानं घाईत केलेला. लहानपणी पोरी तिला डबा ओळखायला पुढे करत आणि गाण्याच्या वेळी टिपऱ्या देऊन मागे बसवत. "मायाच्यानं नाई होत," ती म्हणाली. मग म्हणाली, "पण खाऊ पायजे आधी." मी घाईत रिकाम्या हातानं आले होते. पर्समधला जेवणाचा डबा पुढे केला. तिनं सवयीनं हलवला. "दोडका हाय. अन् मीठ कमी पडलं." नाक पुसलं, आणि गाऊ लागली.

ते फोल्डर 'दोडका' या नावानं आता नव्या कॉम्प्युटरवर आहे. तो चटकन उठतो, हे आत्याला अजून पटलेलं नाही. गाणी मी दोन-तीन ठिकाणी ठेवली आहेत. मेलेली डिस्क एका स्टीलच्या डब्यात घालून तिनं भुलाबाईशेजारी ठेवली आहे. घरी येईल त्याच्या कानाशी तो डबा हलवते आणि विचारते, "ओळख, काय हाय?" कुणालाच ओळखता येत नाही. 'हरलो' म्हटलं, की ती कॉम्प्युटरवर आपल्या बेसूर आवाजातलं केळझरचं गाणं लावते. त्या गाण्यात एक कडवं तिला आठवलं नव्हतं. तिथे ती थांबते, मागे मामाजींच्या झोपाळ्याची करकर ऐकू येते, आणि मग ती पुढचं कडवं उचलते. त्या डब्यात काय आहे ते मला चांगलं ठाऊक आहे. तरी ती दर वेळी माझ्यापुढेही डबा धरते, आणि दर वेळी मी 'हरली' म्हणते.