चिमटाबाई आणि कोरा दगड

बीज परीक्षणाच्या त्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे चिमटाबाई म्हणत. हे नाव आपल्या पाठीमागे चालतं, हे त्यांना ठाऊक होतं आणि ते पहिल्यांदा कोणी काढलं याविषयी त्यांचा तीन जणांवर संशय होता. त्यांतले दोघे निवृत्त झाले, एक वारला. संशय मात्र तिघांवर समान वाटलेला तसाच राहिला. पुरावा नसताना एकालाच दोषी धरणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं.

काम दिसायला साधं होतं. कुठल्यातरी गोदामातून काढलेला बियाण्याचा नमुना मोहोरबंद पिशवीत यायचा. वर नाव नाही, गाव नाही, नुसता क्रमांक. त्यातल्या चारशे बिया मोजून घ्यायच्या, शंभर-शंभर करून चार ओल्या कागदांवर मांडायच्या, कागदांच्या गुंडाळ्या करायच्या आणि ठरलेल्या उष्णतेच्या कपाटात उभ्या करून ठेवायच्या. आठव्या दिवशी गुंडाळ्या उलगडायच्या. कोंब फुटलेल्या मोजायच्या. न फुटलेली प्रत्येक बी चिमट्यात धरून दाबायची. दाबल्यावर तिचा लगदा झाला तर ती मेलेली. दाद दिली नाही तर ती कठीण. आत जीव आहे, फक्त पाणी शिरलेलं नाही. शेवटी अहवालावर सही. एकतीस वर्षं हे केल्यावर माणसाचा स्वभाव कशाला उरतो, उरते ती कामाची रीत. त्या दूधवाल्याच्या शब्दावर विश्वास ठेवत नसत, भिंतीवरच्या घड्याळावर ठेवत नसत आणि सांत्वनावर तर नाहीच. “पाकिटावरच्या चित्रात पीक कायम शंभर टक्के उगवलेलं असतं,” असं त्या म्हणत.

त्यांचे यजमान छापखान्यात कंपोझिटर होते. शिशाचे खिळे उलटे जुळवून सुलट वाचणारा माणूस. ख्रिस्ती देवळातल्या गायकवृंदात खालच्या पट्टीत गाणारा, विनोदी, विसराळू आणि भाबडा म्हणावा इतका श्रद्धावान. शेवटचे चौदा महिने अर्धांगवायूने अंथरुणावर गेले. जीभ जड झाली होती, तरी एका दुपारी त्यांनी बायकोला सांगितलं, की दगडावर नाव आणि सालं कोरून झाली की खाली तीन शब्द हवेत: मी पुन्हा उठेन.

“बारीक टाइपात,” ते म्हणाले. “ठळक नको. लोकांना वाटेल, ओरडतोय.”

“बघू,” बाई म्हणाल्या.

चौतीस वर्षांच्या संसारात या ‘बघू’चा अर्थ होकार की नकार हे कोणाला कळलं नव्हतं. यजमानांनी तो होकार धरला आणि दीड महिन्याने गेले. दगड घडवला गेला, नाव कोरलं गेलं, दोन सालं कोरली गेली. खालची जागा अकरा महिने कोरी राहिली आणि दगड पाथरवटाच्या आवारातच पडून राहिला. पाथरवटाने दोनदा विचारलं. बाईंनी दोन्ही वेळा सांगितलं, की मजकूर तपासायचा आहे.

तो मजकूर त्या खरोखरच तपासत होत्या, आणि नेमकी हीच गोष्ट कोणाला पटत नव्हती. देवळाच्या मंडळीत कुजबुज झाली, की बाईंचा विश्वास गेला. विश्वास गेला असता तर ‘नाही’ म्हणून मोकळं होणं सोपं होतं. पण न पाहिलेल्या परीक्षेच्या अहवालावर त्यांनी आयुष्यात सही केली नव्हती, आणि नवऱ्याच्या कबरीवर ती पहिल्यांदा करायची त्यांची तयारी नव्हती. आता मुदतही पडली होती. मुलीची बदली झाली होती, दूर. तीन आठवड्यांत तिला निघायचं होतं आणि जाण्याआधी वडिलांचा दगड पुरा झालेला बघायचा होता.

शेवटी मुलीनेच देवळाच्या पाळकांना, म्हणजे धर्मगुरूंना, घरी बोलावलं. पाळक तरुण होते, घाईघाईने बोलत. चहाचा पहिला घोट घेताच ते मुद्द्यावर आले.

“बाई, तुम्हाला मी काय सांगणार? दृष्टांत तुमच्याच टेबलावर आहे. बी मातीत पडतं, मरतं आणि मगच—”

“मरत नाही.”

“अं?”

“मेलेलं बी उगवत नाही, पाळकसाहेब. एकतीस वर्षांत एकदाही नाही. उगवलं ते मेलेलं नव्हतंच. मेलेल्याचा चिमट्यात चिखल होतो.”

“पण खुद्द प्रेषित पौलानेच लिहिलंय…”

“पौल तंबू शिवायचा. बियाणं नाही तपासायचा.”

मुलगी आतून ओरडली, “आई!” पाळक मात्र हसले आणि कप खाली ठेवला.

बाईंचा हा शेरा थट्टेचा वाटला तरी त्यातली शंका खोल होती. पुनरुत्थान बी उगवण्यासारखं असेल तर ती बातमीच नव्हे. तो आठव्या दिवसाचा नेहमीचा प्रकार झाला. त्यासाठी बायबलातल्या त्या रिकाम्या कबरीपाशी कोणी भिऊन पळालं नसतं. आणि यजमानांचा हात त्यांनी स्वतः धरून पाहिला होता. तिथे कठीण बी नव्हती, पाणी शिरायचं राहिलेलं नव्हतं. माणूस मेला होता. तेव्हा ते तीन शब्द निसर्गाच्या भरवशावर खरे ठरणारे नव्हते. कोणे एके काळी, एका सकाळी, एक पुरता मेलेला माणूस खरोखर उठला असेल तरच त्यांना आधार होता. तसं घडलं नसेल तर ते दगडावरचं खोटं.

हे सगळं त्यांनी पाळकांना जवळजवळ याच शब्दांत सांगितलं.

“मला ते सिद्ध करून दाखवता येणार नाही,” ते म्हणाले.

“आल्यापासून हे पहिलं धड बोललात.”

“मग एक करा. चारही शुभवर्तमानांतली त्या कबरीची सकाळ वाचा.”

“लहानपणापासून वाचतेय.”

“ऐकताय. तपासली नाहीत. तुमच्याकडे कागद येतात ना, तशी तपासा. संशयाने.”

संशयाचं आमंत्रण बाईंना पहिल्यांदाच मिळालं होतं. रविवारी जेवणं झाल्यावर त्यांनी आखीव कागद घेतला, पट्टीने चार रकाने पाडले आणि चारही वृत्तांत शेजारी शेजारी उतरवून काढले. अर्ध्या तासात मनासारखं सापडलं. कोणी एकाच बाईचं नाव घेतो, कोणी दोघींचं, कोणी तिघींचं. कोणाला कबरीपाशी एकच शुभ्र वस्त्रांतला दिसला, कोणाला दोन. एक म्हणतो अजून अंधार होता, दुसरा म्हणतो सूर्य उगवला होता. बाईंनी पेन्सिलीने कडेला लिहिलं: घोळ.

लिहिलं आणि तिथेच थांबल्या. त्यांना एक जुना अहवाल आठवला. मोत्यासारखं अक्षर असलेला एक सहायक त्यांच्या हाताखाली होता. एका नमुन्याच्या चार गुंडाळ्यांचा निकाल त्याने आणून दिला: शहाण्णव, शहाण्णव, शहाण्णव, शहाण्णव. वरिष्ठ म्हणाले, वा, किती एकसारखा माल! बाईंनी कपाट उघडून बघितलं. तीन गुंडाळ्या उलगडल्याच नव्हत्या. गृहस्थाने एक मोजली होती आणि तोच आकडा चारदा लिहिला होता. खऱ्या चार गुंडाळ्या कधीच तंतोतंत जुळत नाहीत. एक शहाण्णव येते, एक त्र्याण्णव, एक अठ्ठ्याण्णव. फरक किती चालावा याचा तक्ताच भिंतीवर लावलेला असतो. फरक फार पडला तर परीक्षा पुन्हा. पण फरक मुळीच नसला तर बाई माणूसच पुन्हा तपासत.

त्यांनी ‘घोळ’ हा शब्द खोडला नाही. त्याखाली दुसरी ओळ लिहिली: चारही रकान्यांत काय जुळतं? आठवड्याचा पहिला दिवस जुळत होता. धोंड बाजूला सरलेली, कबर रिकामी, हेही जुळत होतं. मग्दालीया मरीया ही बाई चारही ठिकाणी होती, आणि हेच त्यांना सर्वांत खटकलं. त्या काळी बाईच्या साक्षीला काय किंमत होती? पुरुषांनी तर त्या बायकांचं बोलणं बडबड म्हणून उडवून लावल्याचं त्याच वृत्तांतांपैकी एकात कबूल केलेलं आहे. खोटा कागद बनवणारा मोठ्या साहेबाची सही मारतो, झाडूवालीची नाही. बनावच करायचा होता तर यांनी साक्षीदार इतके गैरसोयीचे का निवडले? आणि शिष्यांतलाच एक जण, जखमेत बोट घातल्याशिवाय मानणार नाही म्हणून अडून बसलेला, त्यालाही कोणी वृत्तांतातून वगळलं नव्हतं. त्या माणसाविषयी बाईंना प्रथमच आपलेपणा वाटला. बिचारा फक्त चिमटा मागत होता.

तरीही कागदाच्या तळाशी त्यांनी अखेर एवढंच लिहिलं: साक्षी बनावट वाटत नाहीत. मूळ नमुना मात्र प्रयोगशाळेत आलेला नाही. सही केली नाही.

मुलीने तो कागद सोमवारी सकाळी वाचला. ती स्वयंपाकघरात भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरत होती.

“म्हणजे निकाल काय?”

“प्रलंबित.”

“आई, तीन शब्द आहेत. तीन! बाबांनी काय महाकाव्य मागितलं होतं?”

“खोटं ठरलं तर कागद फाडता येतो. दगड कसा फाडणार?”

“मग सरळ नाही म्हण ना! त्यांनाही टांगून ठेवलंस, मलाही ठेवतेस.”

“नाही म्हणायलाही पुरावा लागतो.”

मुलीने हातातली बशी खोक्यात न ठेवता ओट्यावर ठेवली.

“मला एक सांग. शेवटच्या दिवशी त्यांची नखं का कापत होतीस?”

“वाढली होती.”

“डॉक्टर म्हणाले होते, चार-पाच तास. मी बाहेरच्या खोलीतून मामाला फोन करत होते, निघ म्हणून. आत आले तर तू चष्मा लावून त्यांच्या पायाशी बसलेली. अंगठ्याचं ते आत वळणारं नख, ते तर कानशीने घासत होतीस. पुन्हा टोचू नये म्हणून. कधी टोचणार होतं ते, आई?”

“सवय होती. चौदा महिने करत होते.”

“सवय! कपाटातून मेलेल्या बिया निघतात, त्यांचं काय करतेस?”

“डब्यात टाकते.”

“पुसून ठेवतेस?”

“काहीतरीच काय.”

“मग?”

बाईंनी पिशवी उचलली आणि त्या कामावर निघाल्या. त्या दिवशी प्रयोगशाळेत त्यांनी दोनदा मोजणी चुकवली, आणि हे त्यांच्या बाबतीत ऐकिवात नव्हतं. मुलीचा प्रश्न त्यांनी चहूबाजूंनी दाबून पाहिला. सवय असेल. भीती असेल, हातांना काम हवं असेल. या सगळ्या शक्यता खऱ्या होत्या, आणि एकीनेही ते घासलेलं नख पुरतं समजत नव्हतं. जो देह संध्याकाळी संपणार तो सकाळी टोचू नये म्हणून कोणी धडपडत नाही. तो देह टाकायचा नाही, हे कुठेतरी गृहीत धरल्याशिवाय त्यांचे चौदा महिने उभेच राहत नव्हते: दर दोन तासांनी कूस बदलणं, न चालणाऱ्या पायांना तेल, शाईने कायमची काळवंडलेली ती बोटं रोज एकेक करून पुसणं. आत्मा सुटून कुठेतरी तरंगत राहील, एवढ्यावर त्या कधीच समाधानी नव्हत्या. त्यांना तो माणूस हवा होता, बोटांसकट. आणि त्या चार वृत्तांतांचं म्हणणंही तेवढंच अवघड होतं: उठला तो देहानिशी उठला, जखमांसकट, किनाऱ्यावर विस्तव करून मासे भाजणारा. ते खरं असेल तर कुठल्याही माणसाला पुसणं, उचलणं, भरवणं वाया जात नाही. खोटं असेल तर त्या चौदा महिने टाकाऊ माल जपत बसल्या होत्या.

आपल्याच वागणुकीचा पुरावा धरावा का, याचीही त्यांना शंका होती. ज्याची परीक्षा तोच परीक्षक, असा अहवाल नियमाने बाद ठरतो. पण चार साक्षींच्या जोडीला ही पाचवी, दुबळी आणि सदोष साक्ष उभी राहिली होती, आणि ती फेटाळायची तर स्वतःचे हात खोटे म्हणावे लागले असते. गुरुवारी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

पाथरवटाच्या आवारात पांढरी धूळ साचली होती. त्याने मजकुराची चिठ्ठी पुढे केली.

“वाचा आणि खाली सही करा, मजकूर बरोबर म्हणून. मागाहून तक्रार चालणार नाही.”

बाईंनी तीन शब्द चार वेळा वाचले. “बरोबर म्हणजे कशापुरतं?”

“अहो बाई, काना-मात्रा! बाकीचं मी काय सांगू? मी अक्षरांपुरता जबाबदार.”

“मग बाकीचं माझ्यावर आलं.”

“येणारच. नवरा तुमचा.”

मुलगी शेजारी उभी होती. हळूच म्हणाली, “आई, खात्री झाली?”

“नाही.”

“मग राहू दे. खरंच. मी रागावणार नाही.”

“खात्री झाली की सही करणारे पुष्कळ बघितलेत,” बाई म्हणाल्या. “ती नुसती मोजणी झाली. हे मी त्या चार साक्षींवर करतेय. खोटं निघालं तर मला विचारायचं, तुझ्या बाबांना नाही.” आणि त्यांनी सही केली, अहवालावर करत तशी, पूर्ण नावाची, खाली तारखेसह.

पाथरवटाने खडूने अक्षरं आखली. बाईंनी पिशवीतून पट्टी काढून उंची मोजली आणि सांगितलं, “मोठी झाली. बारीक करा. ओरडल्यासारखं दिसता कामा नये.”

“बारीक दिसत नाही लांबून.”

“ज्याला वाचायचंय तो जवळ येईल.”

तो कुरकुरला, फडक्याने खडू पुसला, पुन्हा आखलं. बाईंनी पुन्हा मोजलं. मग त्याने छिन्नी ‘मी’च्या उभ्या रेघेवर टेकवली आणि त्यांच्याकडे पाहिलं, आणखी काही हरकत आहे का म्हणून. बाईंनी नाही म्हणून मान हलवली आणि ठोका ऐकण्याआधी मुलीला दोन पावलं मागे ओढलं, कारण दगडाची कपची कुठे उडेल याचा भरवसा त्यांना वाटत नव्हता.