मिठू मागच्या रांगेत

मिठू हे नाव तिच्या बाबांनी पाडलेलं. बाबांचं केस कापायचं दुकान होतं, आणि ती चार वर्षांची असताना तिथल्या रिकाम्या खुर्चीवर उभी राहून घडाघडा पाढे म्हणायची. पुढे शाळेतही पोरीनं पहिला नंबर कधी सोडला नाही. दरवर्षी तिचा निकाल लागला की तो गावभर बाबांच्या दुकानातूनच पोचायचा. बाबा हातात वस्तरा धरून मार्क सांगायचे, आणि ज्याच्या गळ्याशी वस्तरा आहे तो माणूस कौतुक करणारच की!

अशी ही मिठू गणित शिकायला दुसऱ्या गावच्या कॉलेजात गेली आणि वसतिगृहात राहू लागली. पहिल्याच आठवड्यात मोठ्या सभागृहात सगळ्या मंडळांनी आपापली टेबलं मांडली होती. नाटक, वादविवाद, बुद्धिबळ, आकाशदर्शन, समूहगान. मिठूनं सगळीकडे नाव घातलं. शाळेत ती सगळ्यात असायची आणि सगळ्यात पुढे असायची; इथं वेगळं काय होणार?

वेगळं झालं ते असं. नाटकवाल्यांनी तिला पडदा ओढायला उभं केलं. बुद्धिबळात तिच्याच वर्गातल्या एका अबोल मुलीनं तिला इतक्या पटकन हरवलं, की मिठूला वाटलं अजून डाव सुरूच व्हायचाय. समूहगानाच्या तालमीत तिनं तोंड उघडलं आणि पुढच्या रांगेतल्या तिघी एकदम मागे वळल्या. या सगळ्यावर कडी म्हणजे गणिताच्या पहिल्या चाचणीत तिला शंभरपैकी एकतीस मार्क पडले.

पेपर घेऊन ती जिन्यात बसून राहिली. आधी वाटलं, बाईंची बेरीज चुकली असेल. तिनं पुन्हा पुन्हा मार्क मिळवून पाहिले. पण बाई गणिताच्या होत्या. बेरीज बरोबरच होती.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. मागे कात्रीची कचकच चालू होती.

"काय मिठू, मार्क कळले का?"

"कळले. बरे पडले."

"बरे म्हणजे किती?"

इथं घोडं अडलं. "बाबा, जेवायची घंटा झाली," असं म्हणून तिनं फोन ठेवला. पण ठेवता ठेवता बाबांचे शब्द कानावर पडलेच. ते कुणाला तरी सांगत होते, "पहिली आली असणार. सांगायला लाजते."

तिनं ठरवलं, छंदबिंद बंद, आता फक्त अभ्यास. दुसऱ्या दिवशी ती एकेका मंडळात जाऊन नाव काढून आली. कुणी फारसं अडवलं नाही, याचंही तिला थोडं वाईट वाटलं. शेवटी राहिलं समूहगान. तिथला प्रमुख म्हणजे तिसऱ्या वर्षाचा एक धिप्पाड मुलगा. त्याला सगळे ढोल्या म्हणत, आणि त्यालाही ते आवडायचं.

"मी सोडतेय," मिठू म्हणाली. "मला गाता येत नाही."

"ते आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं," ढोल्या शांतपणे म्हणाला. "पण तू वेळेवर येतेस, आणि शब्द तुला सगळ्यांच्या आधी पाठ होतात. सूर काय, येईल हळूहळू. नाही आला तरी मागची रांग आहेच की."

'नाही आला तरी' हे शब्द आजवर मिठूला कुणी ऐकवलेच नव्हते. ती गुपचूप मागच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

ढोल्याची एक पद्धत होती. एक ओळ झाली की तो विचारायचा, "कुणाचं हुकलं?" मग हसत हसत हात वर व्हायचे आणि ओळ परत घेतली जायची. पहिले काही दिवस मिठू मूग गिळून बसली. पण आपलं हुकलंय हे आजूबाजूच्यांना आपल्या आधीच कळतं, तर लपवायचं कशाला? हळूहळू तिचाच हात पहिला वर जाऊ लागला. "माझं हुकलं. परत घ्या!"

गणित मात्र हलेना. तिनं पुस्तकातली सगळी उदाहरणं उत्तरांसकट पाठ केली, आणि दुसऱ्या चाचणीत चौतीस पडले. बाईंनी तिला आपल्या खोलीत बोलावलं. टेबलावर खडूची भुकटी, पेपरांचा ढीग, आणि त्यात हरवलेला चष्मा बाई शोधत होत्या.

"हे उत्तर अगदी बरोबर आहे," चष्मा सापडल्यावर त्या म्हणाल्या. "फक्त हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. पुस्तक पाठ केलंस का गं?"

"हो. शेवटचा धडा राहिला."

बाईंना हसू आवरेना. "अगं, एवढे कष्ट तर मीही घेतले नाहीत. वर्गात कळलं नाही तर विचारत का नाहीस?"

विचारलं की आपल्याला कळलेलं नाही हे सगळ्यांना कळणार, आणि तेच तर मिठूला नको होतं.

पुढच्या आठवड्यातली गोष्ट. बाईंनी भराभरा फळा भरला आणि वळून विचारलं, "इथपर्यंत ठीक?" सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि मिठूचा हात, तिला विचारल्याशिवायच, वर गेला. "माझं हुकलं. परत घ्या!"

वर्ग खो खो हसला. बाईही हसल्या. "कुठून परत घेऊ?"

"दुसऱ्या ओळीपासून."

तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, पहिल्यापासूनच घ्या ना." मग आणखी दोघं बोलले. अर्ध्या वर्गाच्या डोक्यावरून गेलं होतं, आणि जो तो समजत होता की आपणच एकटे ढ.

तास संपल्यावर ती बुद्धिबळवाली अबोल मुलगी दारात थांबली होती. "मलाही नव्हतं कळलं," ती एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून दोघी ग्रंथालयाच्या व्हरांड्यात एकत्र बसू लागल्या. अबोल मुलगी बोलायची कमी, पण दर पायरीला "का?" विचारायची. मिठू आधी वैतागायची. मग त्या एका 'का'ला उत्तर देता देता तिला गणित उलगडू लागलं.

वर्षअखेरीचा कार्यक्रम जवळ आला तसा तालमी वाढल्या आणि मिठूचा घसा बसला. फोनवर आईनं लगेच ओळखलं. "आवाज का असा? रडलीस का?"

"नाही गं. गाणं म्हणतेय."

"तू? गाणं?" आई म्हणाली. "मग प्रकरण गंभीर आहे. काय झालंय ते सांग बघू."

मिठूनं सगळं सांगितलं. बाबांना मीच सांगते, असंही म्हणाली. बाबा फोनवर आले. तिनं एका दमात दोन्ही चाचण्यांचे मार्क सांगून टाकले. कात्री थांबली.

"एकतीस? शंभरातले?"

"शंभरातले."

"मग बाकीचे कुणाला वाटलेस?" बाबांनी विनोद केला खरा, पण त्यांचा आवाज ओला झाला होता. "इतके दिवस एकटीच घेऊन बसलीस होय गं, वेडे!"

मिठूचा बांध फुटला. जरा वेळानं तिनं विचारलं, "पण गिऱ्हाइकांना काय सांगाल?"

"खरं ते सांगेन. माझं मी बघतो."

आणि त्यांनी सांगितलं. पहिल्यांदा औषधाच्या दुकानदाराला. तो म्हणाला, मीही गणितात दोनदा नापास झालोय. मग बँकेतले साहेब तोंडाला फेस असतानाच आपली कहाणी सांगू लागले. आठवडाभरात निम्म्या गल्लीनं कबुली दिली. बाबांना नवल वाटलं. इतकी वर्षं यांची डोकी हातात होती, पण आत काय आहे ते कुणी बोललं नव्हतं.

वार्षिक परीक्षेत मिठूला अठ्ठावन्न पडले. त्यातला एकेक मार्क तिला ओळखीचा वाटत होता.

कार्यक्रमाला आईबाबा दोघं आले. मिठू मागच्या रांगेत उभी होती. ढोल्यानं तिला बजावलं होतं, वरच्या पट्टीत नुसतं तोंड हलव. पण समोर बाबा दिसले आणि ती विसरली. शेजारच्या गृहस्थांनी कपाळाला आठ्या घातल्या. "ती मागची मुलगी जरा सुराबाहेर चाललीय, नाही?"

"कोण, ती डावीकडची?" बाबा छाती पुढे काढून म्हणाले. "आमचीच ती!"

परतताना तिघं बसथांब्यापर्यंत चालत गेले. बाबा खुशीत तेच गाणं गुणगुणत होते. थोडं ऐकून आई म्हणाली, "पोरीला उगीच नावं ठेवत होते मी. ही देणगी कुणाकडून आलीय, ते आज कळलं."