वॉर्डातले तास

सुनीता सिस्टर घड्याळाकडे बघत माझी नाडी मोजत होती. मला मान वर करवेना.

मागे तिला आयर्लंडला नोकरी मिळत होती. शिकताना वॉर्डात किती तास काम केलं, एवढंच तिथल्या नर्सिंग कौन्सिलने कॉलेजला विचारलं होतं. तिच्या नर्सिंग कॉलेजचा हेडक्लार्क मी. जुनी रजिस्टरं कोण उपसणार? त्याऐवजी झोकदार इंग्रजीत लिहून दिलं : मुलगी सालस, नम्र, घरंदाज आहे. वर स्वतःवर खूशही झालो. अर्ज परत आला, व्हिसा राहिला, नोकरी दुसरीला गेली.

"पंधरा सेकंद मोजून चौपट केलं तर चालतं ना गं?" मी उगाच बोललो.

"अंदाजे लिहायला मला नाही जमत, सर."

आवाजात टोमणा नव्हता. नाडी मात्र उसळली असावी, कारण तिने पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतली.