कानात कुर्र करताना

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही काही आमच्याकडे चहाला येणार नाही.

माझ्या भावाची रेवा आता पहिलीत आहे. मेहकरला गेले की पोरगी फाटकापासूनच ओरडत येते, माझी पर्स उपसते, मांडीवर बसून मलाच पाढे विचारते आणि चुकले की डोळे वटारते. इतकं आगाऊ पोर मी दुसरं पाहिलं नाही — आणि माझा तिच्यावर भारी जीव. नावसुद्धा मीच ठेवलंय. आत्याचाच मान तो.

तर, त्या बारशाचं. मी मोताळ्याची सून. बारशाला निघायच्या दिवशी अंगणवाडीत जाणाऱ्या माझ्या पोराचं नाक वाहत होतं. तान्ह्या बाळाजवळ असलं शेंबडं पोर कशाला, म्हणून त्याला त्याच्या बापाजवळ ठेवलं. किती शहाणी मी, नाही का? आणि माझं स्वतःचं नाक? तेही चोंदलेलं होतं, घसा धरलेला. मग गेले कशाला? — कारण मी गेले नसते तर माझी चुलत बहीण पाळण्याशी टपलेलीच होती, भरजरी साडी नेसून. आणि तिनं शोधलेलं नाव! ते मी इथे लिहीतही नाही.

दारातच आईनं विचारलं, "काऊन वं, सर्दी झाली का तुले?"

"नाई वं आई. एस्टीत धूळ बसली घशात."

काय दिवस होता तो! गुलाबी फुगे, घुगऱ्या, बायांची गाणी. मी पाळण्यात वाकले, रेवाच्या कानाशी तोंड नेलं, कुर्र केलं — आणि रीतीप्रमाणे बायांनी माझ्या पाठीत धपाटे घातले. मान्य करते, मस्त जोरात घातले. दाबून ठेवलेला खोकला फुटला तो थेट तिच्या तोंडावर. सगळ्या हसल्या. मीही हसले. इतकी मी माझ्या लग्नातही हसले नव्हते.

चार-पाच दिवसांत रेवानं दूध सोडलं. छाती घुरघुरायला लागली, श्वास घेताना बरगड्या आत जायच्या. बुलडाण्याला दवाखान्यात नेलं, नाकाला ऑक्सिजन लावला. बाहेर आई वहिनीला म्हणत होती, "एवढी सीताफळं खाल्ल्यावर लेकराच्या छातीत थंडी उतरन नाई त काय?" वहिनी खाली मान घालून रडत होती.

घरात शिकलेली मी, म्हणून डॉक्टरांनी मलाच आत बोलावलं. म्हणाले, हा आरएसव्ही नावाचा विषाणू. मोठ्यांना साधी सर्दी वाटते, तान्ह्याच्या छातीत जाऊन बसतो. थंडीच्या तोंडाशी वॉर्ड असाच भरतो. शाळेतली, अंगणवाडीतली पोरं घरी आणतात, मग मोठी माणसं बाळाचा लाड करतात. बाळाच्या आईच्या खाण्याचा काही संबंध नाही, हे घरी नीट सांगा. तुमच्यात कुणाला सर्दी होती का?

मी म्हणाले — नाही.

बाहेर आले आणि सगळं समजावलं. दूध थोडं थोडं पाजायचं, नाक साफ ठेवायचं, धुरात न्यायचं नाही. फक्त एक वाक्य गिळलं. आईच्या खाण्याचा संबंध नाही, हे वाक्य. ते सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता ना, मग कुणामुळे झालं?

रेवा बरी झाली. ठणठणीत! घरी आली त्या दिवशी भावानं गल्लीभर पेढे वाटले, आणि मी पाळण्याशी बसून आनंदानं रडले. तो आनंद खोटा नव्हता. पण सर्दी माझी होती. मला ती ठाऊक होती. आणि बोल मी वहिनीला लावू दिला.

गल्लीत कुणाकडे बाळ झालं की वहिनी अजून तिथे जाते, आणि बाळंतिणीला बजावते, "सीताफळाले हात लावू नको. म्या खाल्लं अन् माही रेवा मरता मरता वाचली. ताई होत्या म्हणून डॉक्टरचं सारं समजलं आमाले."

ती हे माझ्यासमोरही सांगते. मी मान हलवते.